घमेल्यात पडलेला सत्तेचाळीस

मी बिल्ला बोलून राहिलो. पितळेचा, गोल, रुपयाहून थोडा मोठा, वरच्या अंगाला भोक आणि पोटावर सत्तेचाळीस. हात लावू नका. लांबूनच ऐका. माणसाच्या हाताचा मला वीट आला आहे, आणि तो का आला तेवढं सांगायलाच तोंड उघडलं आहे.

आधीच सांगून ठेवतो, मी गोड बोलणारा नाही. कित्येक पावसाळे मी हजेरीबाबूच्या टेबलामागे खिळ्यावर टांगलेला काढले, म्हणून पुस्तकी मराठी कानावर पडली. पण राहिलो पांढुर्ण्यात, आणि ज्या बाईच्या पदराला राहिलो ती सावरगावची. त्यामुळे राग आला की तिकडची बोली तोंडात येते. आणि राग मला रोज येतो.

जन्म माझा नागपूरचा, इतवारीतल्या एका पितळेच्या दुकानातला. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं होतं. फुटके गडवे, चेपलेल्या पराती, कान तुटलेली भांडी, असली मोड वितळवून पत्रा केला आणि त्यातून आम्ही एकशेवीस बिल्ले दोन दिवसांत कापले गेलो. म्हणजे त्याआधी मी कोणाच्या तरी घरचा गडवा असणार. कोणी माझ्यातून पाणी प्यालं असेल, कोणी तुळशीला घातलं असेल. ते काही आठवत नाही. आठवतो तो नंबर मारायचा ठोका. आधी चार, मग सात. तेव्हापासून मी म्हणजे फक्त तो आकडा.

पोत्यात भरून आम्हाला रेल्वेनं पांढुर्ण्याला आणलं आणि एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत ओतलं. दिवाळीनंतर तिथे कापसाच्या बैलबंड्या लागत. कापसातून सरकी काढायच्या यंत्रांच्या, म्हणजे जिनांच्या रांगेत बाया बसत आणि हातानं कापूस रुळांत सरकवत. सरकी खाली पडे, रुई पुढे जाई आणि प्रेसमध्ये तिच्या गाठी बांधल्या जात. फाटकावर बिल्ला दाखवला तर आत जायला मिळे, संध्याकाळी दाखवला तर हजेरी लागे. वैशाखात हंगाम सरला की बिल्ला परत द्यायचा, तेव्हाच शेवटच्या आठवड्याची मजुरी हातात पडायची. मग दिवाळीपर्यंत आम्ही खिळ्यावर. फिटर, प्रेसवाले, बॉयलरवाला, चौकीदार असे बाराही महिन्यांचे पंधरा-वीस गडी होते, तेवढेच आपले बिल्ले जवळ ठेवत. हे नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

मी मनकर्णाच्या वाट्याला आलो. ती सावरगावहून जाम नदी ओलांडून रोज कामाला येई आणि मला पदराच्या टोकाला गाठ मारून बांधे. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या हातून सुटून जिनाच्या लोखंडी पायावर आदळलो आणि माझ्या कडेला खाच पडली. तिला आकडा वाचता येत नव्हता. पण ढीगभर बिल्ल्यांत हात घालून ती अंगठ्यानं मला ओळखून काढी. शेजारच्या जिनावर देवकाबाई बसे. ती विधवा, पदरी दोन पोरी, तीही सावरगावचीच. दोघी सोबत येत, सोबत जात, भाकर एकाच फडक्यातून खात. या दोघींचं मी वाईट बोलणार नाही. बाकीच्यांची मात्र मला भीडभाड नाही.

तीनेक वर्षांत नागपूरच्या जिन-मजूर संघाची शाखा आमच्याकडे निघाली. चंदा महिना दोन आणे, बाईला तेवढाच, गड्याला तेवढाच. त्यातला एक आणा नागपूरला जाई, एक इथे राही. खजिनदार झाले रघुनाथराव, प्रेसवरचे फिटर. माणूस अबोल, पण प्रत्येक दोन आण्यांची पावती फाडणार म्हणजे फाडणार. जिला वाचता येत नाही तिलाही पावती. बाया त्या चिठ्ठ्या घडी करून कुंकवाच्या डबीखाली ठेवत.

सेक्रेटरी झाले केशवराव. हे आधी सौंसरला एका वकिलाकडे मुनशी होते. जन्मात कधी जिनाच्या जवळ बसले नाहीत, पण बोलायला उभे राहिले की लोक माना डोलावत. त्यांनी पहिला पराक्रम काय केला, तर मॅनेजरकडून संघाला ऑफिस मिळवलं. फॅक्टरीच्या आवारातलंच, जुनं सरकीचं गोदाम, तेही बिनभाड्याचं. भाडं वाचलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या दिल्या. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच ओसरीवर बसून भांडायचं ठरवलं, आणि त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही. मी खिळ्यावरून बघत होतो. तेव्हाच मला हा माणूस आवडला नव्हता.

दुसरा पराक्रम आमच्या नावाचा. मेंबरांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मग मतं कशी घ्यायची? केशवराव म्हणाले, बिल्ला टाका. एका माणसाला एकच बिल्ला, म्हणजे कोणी दोनदा मत देऊ शकणार नाही. बांबूची टोपली म्हणजे हो, लोखंडी घमेलं म्हणजे नाही. शेवटी एकेक बिल्ला काढून नंबर मोठ्यानं वाचायचा. काय अक्कल, काय अक्कल, म्हणून लोकांनी वाखाणलं. टोपलीत पडलं की आवाज होत नाही आणि घमेल्यात पडलं की ठण्ण करून सगळ्यांना कळते, हे त्यांना मागाहून उमगलं. तरी सुरुवातीला ठीक चाललं. मिटिंग माघात होई, भर हंगामात, बिल्ला ज्याचा त्याच्याजवळ असे. पहिल्या खेपेस मनकर्णानं मला कपाळाला लावलं आणि मग टोपलीत सोडलं. मी खूश झालो होतो, खोटं कशाला सांगू? फाटकावर दाखवायच्या पितळेच्या तुकड्याला कोणी कपाळी लावते का कधी?

मग केशवरावांनी मिटिंग माघातून उचलली आणि पोळ्यावर नेली. हंगामात लोक थकलेले असतात म्हणे. पोळ्याला सगळे गावात असतात, दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात ती, म्हणून तिसऱ्या दिवशी वर्षाची मिटिंग. कोणी हरकत घेतली नाही. पोळ्याला हंगामी मजुरांचे बिल्ले फॅक्टरीच्या खिळ्यांवर असतात, एवढी साधी गोष्ट त्या भरल्या गोदामात एकालाही आठवली नाही. रघुनाथरावांनाही नाही. एकदोन वर्षं तसं काही मोठं ठरवायचं नव्हतं, म्हणून ते झाकून राहिलं.

छप्पन साली बायांनी अर्ज दिला. जिनाच्या रुळांवर आधी जाळ्या होत्या. कापूस भराभर सरकावा म्हणून मुकादमानं त्या काढून टाकल्या होत्या. बायांनी दोन वर्षं कमिटीतल्या गड्यांना सांगून पाहिलं, आणि कमिटीनं मॅनेजरसमोर एकदाही तो विषय काढला नाही. म्हणून बाया म्हणाल्या, आमची एक बाई कमिटीत घ्या, मनकर्णाला घ्या. चंदा आम्ही देतो, मग आमच्या वतीनं बोलणारं कोणीतरी आत पाहिजे. मिटिंग ठेवली चार वाजता. भादव्याच्या तोंडाशी कपाशीच्या वावरांत निंदण-खुरपण चालू असते आणि बाया दिवस मावळल्याशिवाय सुटत नाहीत, हे केशवरावांना माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

त्या दिवशी सकाळी त्यांनी हजेरीबाबूला चिठ्ठी पाठवली की मिटिंगसाठी हंगामी मेंबरांचे बिल्ले द्यावेत. हजेरीबाबूनं आम्हाला खिळ्यांवरून काढून थैलीत भरलं. मला वाटलं, दारात ज्याचा त्याला देतील. अरे कुठले! चार वाजता गोदामात होते ते बारमाही गडी. त्यांतल्या दोघांची डोकी गोटमारीत फुटलेली, फडकी बांधून बसलेले. केशवराव थैलीतून मूठ भरत आणि समोरच्याच्या हातात ओतत. माझ्या नशिबी चौकीदाराचा हात आला. तंबाखूचा वास मारणारा, घामट. माझ्यासोबत अजून चार होते. त्यानं आम्हा पाचही जणांना एकदम घमेल्यात टाकलं, आणि मी ठण्ण करून वाजलो.

रघुनाथराव मोजणीला बसले तेव्हा बाया दारात पोचल्या. पायांना चिखल, हातात विळे. रघुनाथराव घमेल्यातून एकेक काढून वाचत होते. बारा, नाही. एकतीस, नाही. सत्तेचाळीस, नाही.

मनकर्णा उंबऱ्यावरच थांबली. "सत्तेचाळीस त माहा नंबर हाये," ती म्हणाली. "मी अठी दारात उभी हावो. मंग माहा बिल्ला कोणं टाकला?"

केशवराव हसले. त्यांचं ते हसणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. म्हणाले, "मनकर्णाबाई, तुम्ही उशिरा आल्या. तुमचं मत वाया जाऊ नये म्हणून आम्हीच टाकून दिलं."

मी तेव्हा रघुनाथरावांच्या हातात होतो. त्यांचा अंगठा माझ्या खाचेवर होता. त्यांनी मनकर्णाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मला बाजूला ठेवलं आणि पुढचा नंबर वाचला. लोक त्यांना भला माणूस म्हणत. त्या दिवशी मला भल्या माणसाचा जेवढा संताप आला तेवढा केशवरावांचाही आला नाही. अर्ज पडला. अडतीस बायांची मतं अडतीस बायांच्या विरुद्ध मोजली गेली.

त्याच दिवाळीत राज्यं वाटली गेली. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी होती, ती उठून मुंबई राज्यात गेली. आम्ही मराठी बोलत मध्यप्रदेशात राहिलो आणि आमची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या संघाचं पत्र आलं की तुम्ही आता दुसऱ्या राज्यात आहात, आपला संघ आपण नोंदवा, तुमच्याजवळची शिल्लक तुमचीच. केशवराव सभेत डोळ्याला धोतराचा सोगा लावून म्हणाले की आपण पोरके झालो. आणि दुसऱ्या दिवशी रघुनाथरावांना विचारायला आले की नागपूरला जाणारा तो एक आणा आता इथेच राहील ना.

हंगाम सुरू झाला तेव्हा मनकर्णानं मला फाटकावरून घेतलं. खाच चाचपली. कपाळाला लावलं नाही. पदरात बांधताना गाठ इतकी आवळली की संध्याकाळी तिला ती दातानं सोडावी लागली.

पौषात देवकाबाईचा हात रुळात गेला. दुपारची वेळ होती. मी शेजारीच होतो, मनकर्णाच्या पदराला. आधी देवकाबाई ओरडली नाही, नुसती उभी राहायला लागली आणि तिला उभं राहता येईना. रघुनाथराव धावत आले, पट्टा पाडून जिन थांबवलं आणि दोन्ही हातांनी रूळ उलटा फिरवून तिचा हात काढला. उजव्या हाताची मधली तीन बोटं राहिली नव्हती. मनकर्णानं पदर फाडून तिच्या हाताला गुंडाळला. त्या पदराच्या टोकाला मी होतो. गाठीतून झिरपून रक्त माझ्या आकड्यात भरलं, चारच्या वळणात आणि सातच्या वळणात. जाळी असती तर हात गेला नसता. जाळी मागायला जी बाई कमिटीत जायची होती तिला घमेल्यात वाजून मी अडवलं होतं. माझा राग कोणावर आहे असं तुम्ही विचाराल, तर यादी मोठी आहे, आणि तिच्यात पहिला नंबर सत्तेचाळीस.

मॅनेजरनं देवकाबाईला आठवड्याची मजुरी दिली आणि कागदावर लिहून ठेवलं की बाई बेसावध होती. कायद्यानं नुकसानभरपाई मिळते, हे मनकर्णानं सौंसरच्या एका वकिलाकडे जाऊन विचारून आणलं. दावा छिंदवाड्याला, वर्षाच्या आत टाकायचा. वकिलाची फी, डॉक्टरचा दाखला, दोघींचं मोटारभाडं धरून दीडशे रुपये. दीडशे रुपये या बायांच्या सात पिढ्यांत कोणी एकत्र पाहिले नव्हते. पण संघाकडे होते. शिल्लक दोनशे अकरा रुपये होती आणि मजुराच्या अडीअडचणीसाठीच ती जमवली होती.

देवकाबाई हाताला फडकं बांधून केशवरावांकडे गेली, सोबत मनकर्णा. केशवराव म्हणाले, शिल्लक नव्या नोंदणीसाठी राखून ठेवली आहे, भोपाळला खेपा घालाव्या लागतील, सेक्रेटरीलाच जावं लागेल, हॉटेलचा खर्च आहे. मग आवाज मऊ करून म्हणाले, "जामसावळीच्या मारुतीले साकडं घाल, देवकाबाई. तिथं वकिलाची फी लागत नाही." मनकर्णानं माझी गाठ मुठीत धरली. फारच आग्रह असेल तर पोळ्याच्या मिटिंगमध्ये मांडा, असंही केशवरावांनी सांगितलं. मिटिंगमध्ये काय होणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि आम्हालाही.

वैशाखात हंगाम सुटायला आला. आदल्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत मनकर्णानं सगळ्या बायांना सरकीच्या ढिगामागे बोलावलं. बिल्ला हरवला तर एक रुपया दंड, असा फॅक्टरीचा नियम होता. रुपया म्हणजे दिवसाच्या मजुरीहून जास्त. ती म्हणाली, "रुपया जाते त जाऊ द्या बायाहो, बिल्ला नोका देऊ."

दुसऱ्या दिवशी हजेरीबाबूसमोर रांग लागली. पहिली आली, म्हणाली हरवला. त्यानं रुपया कापून लिहिलं. दुसरी आली, हरवला. तिसरीचा नदीत पडला होता, चौथीचा बैलानं गिळला होता. दहावीनंतर त्यानं टाक खाली ठेवला आणि विचारलं की यंदा बिल्ल्यांची साथ आली आहे का. देवकाबाई हंगामाच्या मधूनच घरी बसली होती, तिचा बिल्ला सावरगावलाच होता. मनकर्णानं तिचाही रुपया भरला. अडतीस बिल्ले हरवले आणि एकही हरवला नव्हता. मी त्या दिवशी पदरात हसलो. आयुष्यात तेवढा एकदाच.

तो पावसाळा मी खिळ्यावर नव्हतो. मनकर्णाच्या घरी शिंक्यावरच्या गाडग्यात होतो, मेथीच्या दाण्यांत. देवकाबाई येऊन बसे, डाव्या हातानं पीठ मळायला शिकत असे, मळता मळता रडे. मनकर्णा तिला रडू नको असं कधी म्हणाली नाही. ती चंद्यासाठी पैसे मोजी. आण्यांचे आता नवे पैसे झाले होते आणि त्या हिशोबावरून दोघींची रोज खटपट चाले. पण देवकाबाईचा चंदा बायांनी एकही महिना चुकू दिला नाही. रघुनाथराव पावती फाडत, देवकाबाईच्या नावानं.

पोळा झाला, गोटमार झाली, तिसरा दिवस आला. त्या दिवशी सावरगावची एकही बाई निंदणाला गेली नाही. दिवसाची मजुरी बुडवून साडेतीन वाजताच अडतीस जणी गोदामात येऊन बसल्या. केशवराव आले, त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरायला हवा होता. उतरला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ठराव दोन होते. कमिटीत एक बाई घ्यावी आणि देवकाबाईच्या दाव्याला शिलकेतून दीडशे रुपये द्यावेत. दोन्हींना मिळून एकच मत. बाया एकेक करून उठल्या, पदराची गाठ सोडली, बिल्ला टोपलीत टाकला. मनकर्णानं मला टाकलं. मी आवाज न करता पडलो आणि म्हटलं, झालं, फेडलं एकदाचं.

मग चौकीदार उठला. त्याच्या मागून प्रेसवाले उठले. त्यांच्या मुठींतून घमेल्यात पितळ पडू लागलं, ठण्ण, ठण्ण, थांबेचना. मोजणी सुरू झाली. रघुनाथरावांनी टोपलीतून मला काढलं आणि वाचलं, सत्तेचाळीस, हो. टोपली संपली. घमेल्यात हात घातला. बारा, नाही. एकतीस, नाही. मग ते थांबले. त्यांच्या हातात एक नवा कोरा, पिवळाधमक बिल्ला होता, खाच नसलेला. त्यावर सत्तेचाळीस लिहिलं होतं.

बायांच्या दंडाच्या रुपयांतूनच मॅनेजरनं नागपूरहून नवे बिल्ले पाडून आणले होते. तेच नंबर. आणि केशवरावांनी ते चिठ्ठी देऊन उचलले होते. केशवराव उभे राहून शांतपणे म्हणाले की फॅक्टरीच्या रजिस्टरात जुने बिल्ले हरवलेले आहेत, म्हणून ते बाद. हरवलेल्या वस्तूला मत कसं असेल?

मी त्या नव्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्याचा काय दोष, त्याला काही माहीतच नव्हतं. मागच्या वर्षी मला तरी काय माहीत होतं?

देवकाबाई भिंतीला टेकून बसली होती. दाव्याला जेमतेम चार महिने उरले होते आणि तिला ते समोरून जाताना दिसत होते. मनकर्णा उठली. ती केशवरावांशी बोललीच नाही. ती रघुनाथरावांशी बोलली.

"बिल्ला फॅक्टरीचा हाये, रघुनाथभाऊ. एक सोडून दहा बनवतीन थे. पण चंदा म्या देल्ला. थो कोणाच्या हातानं आला, तुमच्या वहीत लिवलं हाये. थे वाचा."

रघुनाथरावांनी दोन्ही सत्तेचाळीस दोन हातांत घेतले. त्यांचे हात काळे, ग्रीसचे. याच हातांनी त्यांनी रूळ उलटा फिरवला होता. मग त्यांनी आम्हा दोघांनाही जमिनीवर ठेवलं, ट्रंक उघडली आणि पावत्यांची पुस्तकं काढली.

"मागच्या पोळ्याले सत्तेचाळीस म्याच वाचला होता," ते म्हणाले. "कोणाचा हाये थे मले मालूम होतं. मी गप्प बसलो. आता ज्याच्या नावाची पावती हाये त्याचं नाव वाचतो. त्यानं उभं राहावं अन् हो का नाई थे तोंडानं सांगावं."

केशवराव म्हणाले की अशी रीत नाही. रघुनाथराव म्हणाले की शिलकेची किल्ली त्यांच्याजवळ आहे, आणि मत बरोबर मोजल्याशिवाय ते एक पैसा काढणार नाहीत, भोपाळलाही नाही. केशवराव खाली बसले.

नावं वाचली गेली. मूठभर बिल्ले टाकणाऱ्या चौकीदाराचं नाव एकदाच आलं. तो एकदाच उभा राहिला, आणि मला सांगायला आनंद होतो की त्याला आपल्या तोंडानं देवकाबाईसमोर नाही म्हणायला फार जड गेलं. म्हणाला, पण पुटपुटत. दोन प्रेसवाले उभे राहिले आणि हो म्हणून बसले. मनकर्णाचं नाव आलं. ती म्हणाली, "हो." मी नऊ हंगाम त्या बाईच्या पदराला होतो, पण सगळ्यांसमोर तिचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. तो माझ्यासारखा नव्हता, कोणालाही वाजवता येईल असा. शेवटचं नाव देवकाबाईचं होतं. तिनं उठताना उजवा हात पदराखालून बाहेर काढला आणि झाकला नाही.

चाळीस हो, सोळा नाही. बिल्ल्यानं मत घ्यायची रीत त्याच बैठकीत मोडली. मिटिंग पुन्हा माघात नेली आणि संघाचं ऑफिस गोदामातून उचलून बाजारात पाच रुपये भाड्याच्या खोलीत नेलं. केशवराव महिन्याभरात सौंसरला परतले. तिथे ते अजून छान बोलतात असं ऐकतो.

संध्याकाळी बाया सावरगावला निघाल्या. जाम नदीच्या मधोमध पाण्यात मनकर्णा थांबली. तिनं मला गाठीतून सोडवलं आणि तळहातावर घेतलं. मला वाटलं, आता कपाळाला लावते. खरंच तसं वाटलं.

"तुहा दोष नाई," ती म्हणाली. "पण तू ज्याच्या हाती पडशीन त्याचा होशीन."

आणि तिनं मला टाकलं. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही असं म्हटलं होतं, ते पाळतो. पण माझ्यासाठी रुपया भरलेली बाई मला पाण्यात टाकते तेव्हा काय वाटते, ते तुम्हीच समजून घ्या. हंगामात तिला तो नवा सत्तेचाळीस मिळाला. तो फाटकावर दाखवण्यापुरताच, आणि तेवढंच त्याचं काम आहे.

तेव्हापासून मी इथेच आहे, धुण्याच्या दगडाच्या पायथ्याशी. धुणाऱ्या बायांकडून बातम्या कळतात. छिंदवाड्याला मनकर्णा देवकाबाईसोबत पाच खेपा गेली. साडेचारशे रुपये मिळाले. सरकारी साहेब फॅक्टरी बघून गेला आणि जिनांवर जाळ्या पुन्हा बसल्या. आता तर नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. जिथे जन्मलो ते गाव परक्या राज्यातलं झालं. त्याचं मला फारसं काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात पाणी आटलं होतं. देवकाबाई धुणं धुवत होती आणि तिची बोटं मला लागली. म्हणजे अंगठा आणि करंगळी, उजव्या हाताला तेवढीच आहेत. तिनं मला उचलून वर धरलं. खाच पाहिली. चारच्या वळणात काळं काहीतरी अजून बसलेलं आहे, ते तिनं पाहिलं. पौषातल्या त्या दुपारी ते कुठून आलं, हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, आता दूर भिरकावेल, आणि तिला तो हक्क होता.

तिनं मला पाण्यात धुतलं. वाळूत घासून घासून, अंगठा आणि करंगळीत धरून, डबीचं झाकण धुवावं तसं. मग दगडाखाली पूर्वीच्याच जागी ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. आकडा खाली आणि कोरी बाजू वर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही इथे गोटमारीचे दगड वेचायला याल. ती कोरी बाजू चमकताना दिसेल. मला उलटवू नका.